ओव्हनशिवाय चॉकलेट क्रीम पाय: कस्टर्ड सेट का होत नाही?

खानापूरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलीच्या वाढदिवसाला चॉकलेट क्रीम पाय (pie) करायचा होता, म्हणजे खाली बिस्किटाचं कवच, मध्ये चॉकलेटचं कस्टर्ड आणि वर क्रीम. घरात ओव्हन नाही, म्हणून एक अमेरिकन व्हिडिओ बघून बिनओव्हनचा प्रकार केला. ग्रॅहम क्रॅकर ही तिकडची बिस्किटं मिळाली नाहीत म्हणून मारी बिस्किटं घेतली. इन्स्टंट पुडिंग मिक्स मिळालं नाही म्हणून कस्टर्ड पावडर आणि कोको थंड दुधात फेटून ओतलं. वर फ्रेश क्रीमचं पाकीट फेटून घातलं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही आतलं पातळच राहिलं, क्रीम काही उभं राहिलं नाही आणि खालच्या बिस्किटाच्या थराचा सुरी लावताच भुगा झाला. आता त्या विचारतात, फ्रिज बिघडलाय की चॉकलेट हलकं होतं?

दोन्ही नाही ओ ताई. तुमचा पाय फ्रिजमध्ये जायच्या आधीच फसला होता. या पदार्थाला ओव्हन लागत नाही हे खरं, पण गॅस लागतो, आणि नेमका तोच तुम्ही वगळलात. त्यात चूक तुमची कमी आणि व्हिडिओची जास्त. तिकडच्या इन्स्टंट पुडिंगच्या पाकिटातला स्टार्च कारखान्यात आधीच शिजवून वाळवलेला असतो, शिवाय दुधातल्या प्रथिनांना घट्ट करणारे फॉस्फेटचे क्षार त्यात असतात. त्यामुळे ते थंड दुधात नुसतं फेटलं तरी पाच मिनिटांत घट्ट होतं. आपली कस्टर्ड पावडर म्हणजे कच्चं कॉर्नफ्लोअर, त्यात रंग आणि व्हॅनिलाचा वास. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती केली ती बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. अंड्याचं काम कॉर्नफ्लोअरवर सोपवलं, आणि कॉर्नफ्लोअर शिजल्याशिवाय काम करत नाही. थंड दुधात ते फक्त तरंगतं आणि थोड्या वेळाने तळाला बसतं. तुमच्या भांड्याच्या बुडाशी पांढरट, हाताला कचकच लागणारा थर सापडला असेल बघा.

एक लक्षात घ्या, या पायचे तीन थर तीन वेगवेगळ्या कारणांनी उभे राहतात. खालचं कवच बटर गोठल्यामुळे, मधलं कस्टर्ड स्टार्च फुगल्यामुळे आणि वरचं क्रीम स्निग्धांशाने हवा धरून ठेवल्यामुळे. फ्रिजचा खरा उपयोग पहिल्याला. दुसरा थर गॅसवरच ठरतो, फ्रिज त्याला फक्त निवांत बसू देतो. तिसरा तुम्ही दुकानात कोणतं पाकीट उचललंत त्यावर ठरतो.

आधी कस्टर्ड, कारण सगळं तिथंच आहे. नऊ इंची टिनसाठी ६०० मिली फुल क्रीम दूध घ्या, म्हणजे ६ टक्के स्निग्धांशाचं पाकीट. घरी म्हशीचं दूध येत असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त ते आधी तापवून, साय काढून, पूर्ण गार केलेलं असावं. ४५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, म्हणजे मोठे सपाट साडेपाच चमचे. ९० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम कोको, चिमूटभर मीठ. शेवटी घालायला १२० ग्रॅम डार्क चॉकलेट, २५ ग्रॅम बटर, चमचाभर व्हॅनिला. अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी घातली तर कॉफीची चव येत नाही, चॉकलेटची मात्र गडद होते. मी नेहमी घालते.

जाड बुडाच्या पातेल्यात कोरड्या वस्तू आधी एकत्र करा. साखरेचे कण कोकोच्या गुठळ्या फोडतात, म्हणून दुधाआधी साखर-कोको-कॉर्नफ्लोअर नीट कालवून घ्यायचं. मग गार दूध थोडं थोडं घालत सारखं करा आणि गॅस लावण्याआधी हे मिश्रण गाळून घ्या. गुठळी कच्ची असताना काढणं सोपं, शिजलेली गुठळी गाळणीलाही दाद देत नाही.

आता मध्यम आच. व्हिस्क नसेल तर लाकडी कालथा चालतो, पण पातेल्याच्या कडेच्या कोपऱ्यात तो पोचला पाहिजे, कारण जळतं ते तिथंच. पहिली चार-पाच मिनिटं काही होतच नाही असं वाटतं. मग एकदम कालथ्याला ओढ जाणवते, कडेनं जाडसर होऊ लागतं आणि हात जड होतो. इथंच बहुतेक जणी "झालं की" म्हणून गॅस बंद करतात. इथं थांबू नका! कॉर्नफ्लोअरचे कण साधारण ६५ ते ७० अंशांना फुगायला लागतात, पण पूर्ण फुगायला उकळीच्या जवळ जावं लागतं. अर्धवट फुगलेलं कस्टर्ड गरम असताना घट्ट दिसतं आणि फ्रिजमध्ये पाणी सोडून सैल पडतं, वर जिभेला कच्च्या पिठाची चव राहते ती वेगळीच. म्हणून ढवळत राहा. पिठल्यासारखे जड बुडबुडे रटरट फुटायला लागले की घड्याळ बघा आणि तिथून पुढे एक ते दीड मिनिट न थांबता ढवळा. मग गॅस बंद. दहा मिनिटं रटरटवत बसायचंही कारण नाही. फुगलेले कण जास्त शिजवून आणि जोराने घोटून फुटतात आणि कस्टर्ड परत सैल होतं.

आपल्या गावाच्या उंचीचं कुणी ना कुणी विचारतंच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणजे पाणी इथं शंभराच्या दोन-अडीच अंश आधी उकळतं. स्टार्चला तेवढं पुरतं. काळजी नको.

गॅस बंद केल्यावर बारीक चिरलेलं चॉकलेट, बटर आणि व्हॅनिला घाला, मिनिटभर तसंच राहू द्या आणि मग अलगद फिरवा. चॉकलेट हलकं होतं का, हा तुमचा दुसरा प्रश्न इथं येतो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या लाद्या बहुतेक कम्पाउंडच्या असतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. त्यानं पाय बिघडत नाही, पण खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर बसतो. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तोंडात गेल्याबरोबर, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर चटकन नाहीसं होतं. पाकिटामागची यादी वाचा, कोको बटर लिहिलेलं असेल तर घ्या. आणि मिल्क चॉकलेट घेणार असाल तर साखर ९० वरून ५०-५५ वर आणा, नाहीतर दुसरा घास जात नाही.

पुढची पायरी वेळेची आहे. उकळतं कस्टर्ड कवचात ओतलं तर खालचं बटर वितळून सगळं ओलं होतं. उलट पातेल्यातच पूर्ण गार होऊ दिलं आणि मग ढवळून ओतलं तर स्टार्चची बसलेली जाळी मोडते, ती परत जुळत नाही. बोट सहज धरवेल इतकं कोमट झालं की ओतायचं. तोवर मधून मधून हलवत राहा म्हणजे साय धरत नाही. ओतल्यावर क्लिंग फिल्म किंवा तुपाचा हात लावलेला बटर पेपर थेट पृष्ठभागावर टेकवून ठेवा. वर झाकण ठेवू नका, झाकणाची वाफ थेंब होऊन परत आत पडते. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात कमीत कमी पाच-सहा तास, जमलं तर रात्रभर. डीप फ्रीझरमध्ये टाकून घाई करू नका. गोठलेला स्टार्च सुटताना पाणी सोडतो आणि कापलेल्या तुकड्याखाली तळं होतं.

आता कवच. ग्रॅहम क्रॅकर म्हणजे तिकडची गव्हाच्या जाडसर पिठाची, किंचित गोड बिस्किटं. ती आपल्याकडे शोधत फिरू नका. डायजेस्टिव्ह सगळ्यात जवळची. मारीही चालते, पण ती कोरडी, जास्त बटर पिते, आणि तुमचा भुगा झाला तो त्यामुळेच. व्हिडिओतलं माप त्या क्रॅकरसाठी होतं. २५० ग्रॅम डायजेस्टिव्हला १०० ग्रॅम वितळलेलं बटर पुरतं, तेवढ्याच मारीला १२० लागतं आणि दोन चमचे पिठीसाखरही. बोरबॉनसारखी क्रीमची बिस्किटं क्रीमसकट दळली तर ८०-९० ग्रॅम बास. चूर मिक्सरमध्ये बारीक रव्याइतका हवा, मोठे तुकडे राहिले की तिथूनच तडा जातो. बटर मिसळल्यावर मूठभर घेऊन दाबून बघा. गोळा टिकला आणि अंगठ्याने ढकलल्यावर फुटला की माप बरोबर. हातातच सुटला तर आणखी चमचाभर बटर घाला, हाताला तूप लागल्यागत चकचकीत झालं तर बिस्किट वाढवा.

घरच्या लोण्याचं खूप जणी विचारतात. चवीला त्याला तोड नाही, पण ताकाचा अंश राहिलेला असतो आणि त्या पाण्याने बिस्किट मऊ पडतं. विकतच्या बटरमध्येही १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, घरच्या लोण्यात त्याहून जास्त राहू शकतं. लोणी वापरायचंच तर थंड पाण्यात दोनदा धुऊन, दाबून घ्या. तूप घेतलं तर त्यात पाणी नसतंच, म्हणून बटरच्या पाऊणपट पुरे. मात्र तुपाचा वास चॉकलेटवर मात करतो. मला तो आवडत नाही, आमच्या घरच्यांना आवडतो, तुमचं तुम्ही ठरवा.

आणि तुमच्याकडे, खानापूर भागात, जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली की डबा उघडला की तासाभरात बिस्किट वाकतं. अशा दिवसांत चूर केल्यावर कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता, खमंग वास सुटेपर्यंत, आणि गार करून मग बटर घाला. ओल जाते आणि ओव्हनमध्ये भाजल्याची जी चव या पायला नसते ती थोडी येते. मी आता पावसाळा नसला तरी परतते.

टिन नसेल तर अडून बसू नका. दीड इंच काठाचं स्टीलचं ताट किंवा वेळणी चालते. खाली बटर पेपरचा गोल कापून टाका. आधी कडा उभ्या करा, मग तळ, नाहीतर कडेला काही उरत नाही. सपाट बुडाच्या वाटीने दाबा, पण सगळं वजन टाकून नको. फार ठोकलेलं कवच फ्रिजमधून दगड होऊन निघतं आणि काटा मारला की तुकडा ताटाबाहेर उडतो. कडा आणि तळ जिथं मिळतात तो कोपरा मात्र बोटाने नीट चेपा, जाड राहतो तो तिथंच. अर्धा तास फ्रिजमध्ये. मग ३०-४० ग्रॅम चॉकलेट वितळवून ब्रशने तळाला पातळ हात द्या आणि पुन्हा पाच मिनिटं गार करा. हा थर ओल अडवतो. दुसऱ्या दिवशीही कवच कुरकुरीत राहतं ते त्याच्यामुळे.

बेळगावात राहून इथं कुंद्याचा, म्हणजे आपल्या इथल्या दुधाच्या मिठाईचा, प्रयोग सुचणारच, म्हणून सांगते. होतो, आणि चांगला होतो, पण बेताने. शंभरेक ग्रॅम कुंदा दोन चमचे कोमट दुधात सैल करून या चॉकलेटच्या थरावर पातळ पसरा आणि कस्टर्डातली साखर ५० ग्रॅमवर आणा, चॉकलेटही जरा कडूच घ्या. साखर तेवढीच ठेवून वर कुंदा घातला तर लहान मुलंसुद्धा अर्धा तुकडा बाजूला सारतात.

राहता राहिलं क्रीम. साध्या फ्रेश क्रीमच्या पाकिटावर स्निग्धांश २५ टक्के लिहिलेला असतो. फेटून उभं राहायला निदान ३० लागतो, ३५ असेल तर निर्धास्त. त्याखालचं क्रीम तासभर फेटा, फेस येतो आणि बसतो. तुमच्या हाताचा किंवा बीटरचा त्यात दोष नाही. दुधाचं व्हिपिंग क्रीम मिळालं तर २५० मिली पुरे. क्रीम, भांडं आणि बीटरची पाती तिन्ही अर्धा तास फ्रिजमध्ये थंड करा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटा, दोन चमचे पिठीसाखर आणि चमचाभर दूध पावडर घाला. पात्यांच्या रेघा क्रीमवर उमटून राहिल्या की थांबा. पुढे गेलात तर दाणेदार होऊन लोणी सुटतं. घरच्या सायीचं तर हमखास होतं, म्हणून तिच्या वाटेला मी जात नाही.

बेळगावात केकच्या सामानाच्या दुकानात जे गोठलेलं व्हिप टॉपिंग मिळतं ते दुधाचं नसतं, तेलाचं असतं. गोड असतं, वेगळी साखर घालायची नाही. फुगून तिपटीच्या आसपास होतं आणि एप्रिलच्या ३६-३७ अंशांतही तग धरतं. रात्री डीप फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवा आणि बर्फाचे बारीक कण शिल्लक असतानाच फेटा. चवीला मला दुधाचंच आवडतं, पण मे महिन्यातल्या वाढदिवसाला मी तेलाचंच सुचवेन.

दोन्ही मिळालं नाही तर चक्का आहे की! दोनशे ग्रॅम चक्का, चवीपुरती पिठीसाखर, दोन चमचे फ्रेश क्रीम, पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून एकदा काढून घ्या. कडसर चॉकलेटवर तो आंबटगोड थर फार छान लागतो, आणि तो न फेटताच उभा राहतो. शिल्लक राहिलेलं फ्रेश क्रीमही वाया घालवू नका. गरम करून त्याच्या वजनाइतकं डार्क चॉकलेट त्यात विरघळवलं की सुंदर गनाश होतं, कस्टर्डवर ओतून टाका.

घरात जैन किंवा शाकाहारी मंडळी असतील तर एक सूचना. कस्टर्ड घट्ट व्हायला जिलेटिन घाला असं काही कृतींत सांगतात. ते जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. वरच्या मापात त्याची गरजच नाही. चायना ग्रासही नको, त्यानं कस्टर्ड कापलेल्या जेलीगत कडक होतं. चॉकलेट आणि टॉपिंगच्या पाकिटावर हिरवा ठिपका तेवढा बघून घ्या.

वाढदिवस संध्याकाळी असेल तर आदल्या रात्री कवच आणि कस्टर्ड उरकून टाका, क्रीम दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. खानापूरहून बेळगावला कुणाकडे न्यायचा असेल तर क्रीम वेगळ्या डब्यात बर्फावर न्या आणि तिथं पोचल्यावर लावा. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची, प्रत्येक तुकड्याला. ताटातून पहिला तुकडा निघता निघत नाही, ताटाचं बूड दहा सेकंद गरम पाण्यात टेकवलं की सुटतो. तरी मोडलाच तर तो करणाऱ्याचा.

बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, कडक उन्हाळ्यात एकच तास. दुधाचा शिजवलेला पदार्थ आहे, दिसायला चांगला राहतो आणि आतून आंबतो. फ्रिजमध्ये दोन, फार तर तीन दिवस. आणि तुमच्याकडे पावसात लाईट गेली तर आत काय झालंय ते बघायला सारखं दार उघडू नका. बंद फ्रिज चारेक तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ गेली तर क्रीम घातलेला पाय ठेवून देऊ नका.